चार आवाजांची हार्मनी: कॉर्ड बदलताना कोणी कुठे सरकायचं

मराठवाड्याला समूहाने गाणं नवं नाही. पैठण, आपेगाव, नरसी ही ज्यांची घरची नावं आहेत, त्यांना टाळ-मृदंगावर पन्नास जणांबरोबर एक चाल धरायला शिकवावं लागत नाही. चार आवाजांच्या हार्मनीत मात्र नेमकं उलटं करायचं असतं. शेजारचा वेगळं गातोय आणि तरीही आपली ओळ सोडायची नाही. चर्चमधला क्वायर असो, शाळेचा गीतमंच असो किंवा युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगानाला उतरणारा सहा जणांचा संघ असो, गाडी इथेच अडते. पाच-सहा तालमींनंतरही आल्टोच्या (बायकांच्या खालच्या आवाजाच्या) मुली मूळ चालीवर घसरत असतील, तर त्यांना रागावण्याआधी त्यांची ओळ तपासा. बहुतेक वेळा ती गाण्याजोगी लिहिलेलीच नसते.

असं होण्याचं कारण ठरलेलं आहे. कीबोर्डवर कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) सापडते, उजव्या हाताची तीन बोटं एका साच्यात बसतात आणि कॉर्ड बदलली की तोच साचा उचलून पुढे ठेवला जातो. मग ते तीन स्वर तीन गटांना वाटून दिले जातात. बोटांना हे सोपं जातं, गळ्याला नाही. प्रत्येक बदलाला सगळ्यांना एकदम उडी मारावी लागते आणि उडी मारताना माणूस ओळखीच्या चालीचा आधार घेतो. म्हणून कॉर्डपासून नाही, ओळींपासून सुरुवात करा. चौघांना आपापली गाण्याजोगी ओळ मिळाली पाहिजे आणि त्या ओळी एकत्र आल्या की कॉर्ड झाली पाहिजे.

लिहिण्याची पद्धत आणि आवाजांच्या मर्यादा

स्टाफ नोटेशन येत असेल तर उत्तम, पण सरगमवर काम अडत नाही. किंबहुना ज्यांनी पेटीवर अलंकार घोटले आहेत, त्यांना सरगममधली ओळ डोक्यात लगेच ऐकू येते. इथे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब दिलं आहे (प़, ध़, नी़), तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर अनुस्वार (सां), आणि मध्य सप्तक नुसतं. सगळी उदाहरणं पांढरी एक (C) सा धरून बिलावल थाटात, म्हणजे सगळे स्वर शुद्ध ठेवून आहेत.

या पट्टीत सोप्रानोला (बायकांचा वरचा आवाज) मध्य सा ते तार प मिळतो, आल्टोला मंद्र प ते तार सा, टेनरला (पुरुषांचा वरचा आवाज) मंद्र सा ते मध्य प आणि बेसला (पुरुषांचा खालचा आवाज) अतिमंद्र, म्हणजे मंद्राच्याही खालच्या सप्तकातला, म ते मध्य सा. या पुस्तकी मर्यादा झाल्या. कॉलेजच्या मुलांकडून अतिमंद्र ध च्या खाली भरीव आवाज क्वचितच मिळतो, म्हणून बेसची ओळ शक्यतो मंद्र सप्तकातच ठेवा. उदाहरणं पांढरी एकमध्ये वाचा, पण प्रत्यक्ष गाताना पट्टी काळी दोनपर्यंत चढवा. तिथे सोप्रानो उजळ लागते आणि बेसलाही ताण पडत नाही. तालमीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. पेटीवर बेसचे खालचे स्वर कमी पडतात.

अंतराचा नियम सोपा आहे. सोप्रानो आणि आल्टोमध्ये, तसंच आल्टो आणि टेनरमध्ये एका सप्तकाहून जास्त अंतर नको. टेनर आणि बेसमध्ये जास्त चालतं. वरच्या तिघांमध्ये भगदाड पडलं की कॉर्ड पोकळ लागते, आणि खालचे दोन आवाज फार जवळ आले की ती गढूळ होते.

कॉर्ड तीन स्वरांची, गाणारे चार

बिलावलच्या सात स्वरांवर सात कॉर्ड होतात. रोजच्या कामाच्या पाच: सा-कॉर्ड (सा ग प), म-कॉर्ड (म ध सा) आणि प-कॉर्ड (प नी रे) या तीन मेजर (उजळ वाटणाऱ्या), रे-कॉर्ड (रे म ध) आणि ध-कॉर्ड (ध सा ग) या दोन मायनर (गंभीर वाटणाऱ्या). ग-कॉर्ड क्वचित लागते. नी-कॉर्ड उलटवूनच (मूळ स्वर बेसला न देता) वापरतात, सुरुवातीला ती बाजूला ठेवा.

चौथ्या माणसाला काय द्यायचं? कॉर्डचा मूळ स्वर दुसऱ्यांदा द्या. ते जमत नसेल तर पाचवा, म्हणजे सा-कॉर्डमधला प. तिसरा स्वर (सा-कॉर्डमधला ग) एकदाच असू द्या, पण तो कधीही गाळू नका, कारण कॉर्ड मेजर की मायनर हे तोच ठरवतो. पाचवा गाळला तरी फारसं बिघडत नाही. आणि प-कॉर्डमधला नी कधीही दोघांना देऊ नका. नी ला सा कडे जायचंच असतं. दोघंही तिकडे गेले की दोन ओळींची एक ओळ होते.

पहिलं उदाहरण: सा, म, प, सा

सोप्रानो: ग – म – रे – ग
आल्टो: सा – सा – नी़ – सा
टेनर: प़ – ध़ – प़ – प़
बेस: सा़ – म़ – प़ – सा़

ही चार कॉर्डची चौकट दोन्ही हातांनी वाजवा, मग एकेक ओळ स्वतंत्र गा. आल्टोला फक्त नी़ आणि सा आहेत. टेनर प़ वरून ध़ वर जाऊन परत येतो. सोप्रानो एकदाच म वरून रे वर, म्हणजे एक स्वर ओलांडून जाते. मोठ्या उड्या फक्त बेसकडे आहेत, आणि बेसने चौथ्या-पाचव्या स्वरावर उडी मारणं कानाला पायाभक्कम वाटतं. पहिल्या तालमीला हे चार तासांत नाही, पंधरा मिनिटांत बसतं.

आता यामागची रीत. सा-कॉर्डवरून म-कॉर्डवर जाताना आधी दोन्हींत असलेला स्वर शोधा. तो सा आहे. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहू द्या. उरलेले दोघं जवळच्या जवळ सरकतात: ग चा म, प़ चा ध़.

म-कॉर्ड आणि प-कॉर्डमध्ये एकही स्वर समान नाही. हा बदल सगळ्यात धोक्याचा. इथे बेस एक स्वर वर चढतो (म़ वरून प़), म्हणून वरच्या तिघांनी खाली यायचं: म वरून रे, सा वरून नी़, ध़ वरून प़. या कॉर्डवर टेनर आणि बेस एकाच मंद्र पंचमावर येतात. एखाद्या कॉर्डपुरतं ते चालतं, कारण पुढच्याच क्षणी बेस सा़ वर उतरून वेगळा होतो.

शेवटच्या बदलात प समान आहे, तो टेनरकडे राहतो. नी़ चा सा होतो. रे खाली सा वर किंवा वर ग वर जाऊ शकतो. इथे आल्टोने सा घेतलेलाच आहे, म्हणून सोप्रानोला ग दिला आणि कॉर्ड भरली.

पाचव्या आणि सप्तकाची जोडगाडी

आता तोच म-कॉर्ड ते प-कॉर्ड बदल बोटांच्या साच्याने करून पाहा. सोप्रानो म वरून प, आल्टो सा वरून रे, टेनर ध़ वरून नी़, बेस म़ वरून प़. सगळे एकदम एक पायरी वर. दोन्ही रूपं एकापाठोपाठ ऐका. दुसऱ्यात गाणारे चार असले तरी ओळी चार ऐकू येत नाहीत.

कारण असं. बेस आणि सोप्रानोमध्ये आधी म–म सप्तक होतं, नंतर प–प सप्तक. बेस आणि आल्टोमध्ये आधी म–सा, म्हणजे पाचवा, नंतर प–रे, पुन्हा पाचवा. सप्तक आणि पाचवा ही दोन अंतरं कानात सगळ्यात सहज विरघळतात. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा आणि पंचमाची तार जुळली की एकच भरलेला नाद येतो, तो याच गुणामुळे. तानपुऱ्याला तेच हवं असतं. चार आवाजांच्या लेखनात मात्र दोन ओळी पाचव्याच्या किंवा सप्तकाच्या अंतराने हातात हात घालून चालल्या की त्यातली एक नाहीशी होते. पाचवा वाईट ऐकू येतो म्हणून हा नियम नाही. तो फार गोड मिसळतो म्हणून आहे. एकटा पाचवा कितीही वेळा येऊ दे. त्याच दोन आवाजांमध्ये लागोपाठ दोनदा, तेही स्वर बदलून आला, तर ती चूक.

तपासणी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. चार आवाजांच्या जोड्या सहा होतात: सोप्रानो-आल्टो, सोप्रानो-टेनर, सोप्रानो-बेस, आल्टो-टेनर, आल्टो-बेस, टेनर-बेस. कॉर्डच्या प्रत्येक बदलावर सहाही जोड्या पाहा. जिथे पाचवा किंवा सप्तक दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. त्याच जोडीत पुढच्या कॉर्डवर तीच खूण पुन्हा आली आणि दोघंही हललेले असतील, तर एकाचा रस्ता बदला. दोघंही जागेवरच असतील तर काही दोष नाही.

याची धाकटी बहीण म्हणजे बाहेरचे दोन आवाज एकाच दिशेने जाऊन सप्तकावर किंवा पाचव्यावर येणं. वरच्या उदाहरणात पहिल्याच बदलात हे आहे: बेस सा़ वरून म़ वर चढतो आणि सोप्रानोही ग वरून म वर. सोप्रानो एकच पायरी सरकत असल्याने ते खपून जातं. तिने उडी मारली असती तर उघडं पडलं असतं.

बेसलाही चाल द्या

बेसने नेहमी कॉर्डचा मूळ स्वरच गायला पाहिजे असं नाही. सा-कॉर्ड ग वर उभी केली की बेसला पायऱ्यांची ओळ मिळते:

सोप्रानो: ग – प – म – रे – ग
आल्टो: सा – सा – सा – नी़ – सा
टेनर: प़ – प़ – ध़ – प़ – प़
बेस: सा़ – ग़ – म़ – प़ – सा़

दुसऱ्या जागी बेसकडे ग़ आहे, म्हणून सोप्रानोकडचा ग काढून तिला प दिला, नाहीतर तिसरा स्वर दोनदा झाला असता. त्याचा आणखी एक फायदा झाला. पुढच्या बदलात बेस ग़ वरून म़ वर चढतो तेव्हा सोप्रानो प वरून म वर उतरते. दोघं समोरासमोर येऊन सप्तकावर भेटतात आणि मघाचा दोष आपोआप जातो. बाहेरच्या दोन आवाजांची उलटी चाल ही या कामातली सगळ्यात भरवशाची गोष्ट आहे. आधी फक्त बेस आणि सोप्रानो लिहून गाऊन पाहावं. ती दोन माणसांची जोडी ऐकायला चांगली लागली, तरच मधले दोन आवाज भरायला घ्यावेत.

पाचवा स्वर बेसला द्यायची वेळ जपून निवडा. ती कॉर्ड डळमळीत असते. तिची हक्काची जागा शेवटाआधी आहे. जोरकस मात्रेवर ग–सा–प़–प़ (वरून खाली), पुढच्या मात्रेवर रे–नी़–प़–प़, आणि मग सा-कॉर्ड. ग चा रे आणि सा चा नी़ असे दोघं एकदम उतरतात, बेस प़ वर ठाम उभा राहतो आणि शेवट येतोय हे श्रोत्याला न सांगता कळतं. हीच कॉर्ड हलक्या मात्रेवर टाकली तर सगळा परिणाम वाया जातो.

प-सेव्हन: म ला खाली, नी ला वर

प-कॉर्डमध्ये म मिळवला की प-सेव्हन होते: प नी रे म. म आणि नी एकमेकांना ओढतात. नी अर्धा स्वर वर सा वर जातो, म अर्धा स्वर खाली ग वर. पहिल्या उदाहरणात सोप्रानोने तिसऱ्या जागी रे न घेता म तसाच धरला (ग – म – म – ग) की प-सेव्हन तयार. त्यात रे नाही, पण ते चालतं. म आधीच्या कॉर्डपासूनच चालू आहे, त्यामुळे घर्षण अंगावर येत नाही.

चारही स्वर घेतले आणि नी, म दोघांनाही नियमाने सोडवलं, तर शेवटच्या सा-कॉर्डमध्ये प उरत नाही: तीन सा आणि एक ग. गाण्याच्या अगदी शेवटी हे मला तरी मान्य आहे, भरलेल्या कॉर्डपेक्षा स्वच्छ चाल मोलाची. ज्यांना प हवाच असेल त्यांनी नी आल्टो किंवा टेनरमध्ये ठेवून खाली प वर उतरवावा. तो मधल्या आवाजात असेल तर कान हरकत घेत नाही. सोप्रानोत असेल तर मात्र घेतो.

प-कॉर्डनंतर सा ऐवजी ध-कॉर्डवर जायचं असेल (श्रोत्याला हुलकावणी देणारा शेवट), तर इथेही बेस एक पायरी चढतो आणि जोडगाडीचा धोका येतो. सुरक्षित मांडणी अशी: नी–प–रे–प़ वरून सां–ग–सा–ध़. नी वर गेला, बाकी दोघं खाली आले, आणि ध-कॉर्डमध्ये सा दोनदा झाला. तिसरा स्वर मुद्दाम दुहेरी करण्याची ही मान्य जागा आहे.

चाल दिलेली असेल तेव्हा

बहुतेकांना चाल तयारच मिळते. मग क्रम असा ठेवा.

चालीच्या ओळी कुठे थांबतात ते आधी खुणा करा आणि त्या थांब्यांच्या कॉर्ड सगळ्यांत आधी ठरवा. पूर्ण विराम असेल तर प-कॉर्ड आणि मग सा-कॉर्ड. अर्धविराम असेल तर प-कॉर्डवर थांबा. मधली जागा नंतर भरा.

मग प्रत्येक जोरकस मात्रेवरच्या स्वराखाली शक्य त्या कॉर्ड लिहा. सा खाली सा, म किंवा ध. रे खाली प किंवा रे. ग खाली सा किंवा ध. म खाली म, रे किंवा प-सेव्हन. प खाली सा किंवा प. ध खाली म, रे किंवा ध. नी खाली प. केरव्यात आठ मात्रांना दोन कॉर्ड पुरतात, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. दर मात्रेला कॉर्ड बदलण्याचा मोह आवरा. मधले स्वर येता-जाता लागलेले धरा. एक गोष्ट मात्र पाळा: हलक्या मात्रेवर आलेली कॉर्ड पुढच्या समेवरही तीच ठेवू नका, सम बोथट होते.

कॉर्ड निवडताना प्रवासाची दिशा लक्षात असू द्या. सा वरून कुठेही जाता येतं. ध-कॉर्ड पुढे म किंवा रे कडे जाते, या दोन्ही प कडे जातात, आणि प सा कडे. प वरून मागे म वर येणं चित्रपटगीतांत सर्रास ऐकू येतं, पण या शैलीत ते ढिलं लागतं. मग बेस, मग आल्टो आणि टेनर.

चाल भूप रागासारखी म आणि नी वगळणारी असेल तर निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. मधल्या आवाजांत म, नी आणले तर कॉर्ड पूर्ण होतात, पण रागाचा चेहरा बदलतो. चाल रागाच्या भावावरच उभी असेल तर तिथे चार आवाज लादू नयेत, सा-प चा धरलेला आधार द्यावा. सगळ्याच चालींना हार्मनी मानवत नाही.

मायनरमध्ये

पहिल्या उदाहरणातला ग आणि ध कोमल करा, नी शुद्धच ठेवा. चारही ओळी तशाच गाता येतात. कीरवाणी रागाचे स्वर हेच. कोमल ध वरून शुद्ध नी वर थेट चढणं कीरवाणीत सुंदर लागतं आणि गाणारे ते मनापासून घेतात, पण क्वायरच्या मधल्या आवाजात ती चढण एकदम पुढे येते आणि सूरही हमखास चुकतो. म्हणून ज्याच्याकडे कोमल ध आहे त्याला खाली प वर पाठवा आणि नी वरच्या सा वरून उतरलेल्या आवाजाला द्या. वरच्या उदाहरणात टेनर आणि आल्टो हेच करतात.

तालीम

सहा जणांच्या संघात सोप्रानो एक, आल्टो दोन, टेनर एक, बेस दोन अशी वाटणी बरी पडते. वरची ओळ एकटीही ऐकू येते. आल्टोला सोबत लागते.

ओळ आधी सरगममध्ये पाठ करून घ्या, शब्द नंतर. बेस आणि सोप्रानो एकत्र बसवा, मग त्यांत टेनर, शेवटी आल्टो. आल्टो चालीकडे घसरत असेल तर तिला सोप्रानोशेजारी उभं करू नका, बेसच्या बाजूला ठेवा. पाच मिनिटं आल्टो आणि बेस एवढेच गाऊ द्या. मींड, कण, हरकती मधल्या आवाजांतून पूर्ण काढून टाका. सुगम गाणाऱ्यांना हे जड जातं, पण कॉर्ड बदलण्याच्या क्षणी एकजण जरी स्वरात घसरत आला तरी बाकी तिघांची अचूकता ऐकू येत नाही.

सा दिल्यावर कीबोर्ड बंद करा. समान अंतराच्या पट्ट्यांवरचा ग हा तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पंचमातला फरक जेमतेम २ सेंट. सा-कॉर्ड धरा, बेस आणि टेनरचा सा-प आधी पक्का होऊ द्या, आल्टोला सा मिळवू द्या, मग सोप्रानोने ग हळूहळू खाली आणावा. एका जागी कॉर्ड घुमायला लागते, तोच तिचा गंधार.

गाणं संपेपर्यंत पट्टी उतरत असेल तर साधारण दोन जागा तपासा. एक, आल्टोचा नी़ वरून सा वर परतताना सा पुरता चढत नाही. दोन, टेनर धरलेल्या प़ वर दमतो आणि स्वर खाली बसतो. आल्टोकडून सा–नी़–सा एवढंच दहादा गाऊन घ्या, आणि टेनरला धरलेल्या स्वरावर मधेच श्वास घ्यायची जागा लिहून द्या. जागा बेस हलतो त्या क्षणी नको, त्याच्या एक मात्रा आधी.